मलकापूर स्टँडवरचं बीपी

शमुवेल आवळेचं बीपी तिशीतच चढलं. डॉक्टर म्हणाले, "जाल तिथं मशीन न्या. पाच मिनिटं निवांत बसा, मोजा, लिहून आणा."

महिन्यानं त्यानं वही पुढं केली. वस्तीत १५८, आजोबांनी धर्म बदलला म्हणून तिथं तो अजून परका. शाहूपुरीतल्या ऑफिसात १६४. आडनाव कळल्यापासून त्याच्या डब्यात कुणी हात घालत नाही. चर्चमध्येही तेवढंच, कारण आदर्श नावाच्या मुलावरचं त्याचं प्रेम तिथं पाप. आणि खोलीवर, आदर्श शेजारी बसलेला असताना, १७०. घरमालकाला तो चुलतभाऊ म्हणून सांगितलाय.

एकाच पानावर १२० होतं. मलकापूर, एसटी स्टँड.

"हे बेस झालं की!" डॉक्टर खूश झाले. "कोण हाय तिथं तुमचं? जात जावा अधनंमधनं."

"कुणीच न्हाय. गाडी बंद पडली म्हणून बसलोतो. शेजारचा म्हातारा म्हणाला, 'पावणं, सरका की जरा.'" शमुवेलनं वही मिटली. "तिथं मी नुसता पावणा हुतो, डॉक्टर."