पाचवीची पुडी

"पाच फुलं नेली वाऱ्यानं, सहावा माझा दगड
वाऱ्या, आता उचलून दाव, लेक माझी लय जड"

साठ वर्षांमागचा आईचा आवाज. दगडाबाईला तो हल्ली कधीही ऐकू यायचा. दारात स्कूटी थांबली तेव्हाही आला. पाच लेकरं गेली म्हणून आईनं सहावीचं नाव दगडा ठेवलं, आणि ती राहिली. नातवाला नाव ठेवायला सवडच मिळाली नाही. बारशाच्या आदल्या दिवशी तो गेला. तेव्हा श्रावण होता. आता तूर घरात आली होती.

स्कूटीवरून राजेश्री उतरली. पिंगळीच्या आसपासच्या गावांत तान्ह्या लेकरांच्या पोटातल्या जंतूंचा अभ्यास चालू होता, त्यात ती काम करायची. जन्मल्यापासून सात दिवस, रोज एक पुडी आईच्या दुधात कालवून पाजायची. पुडीत चांगले जंतू. ते पोटात आधी जाऊन बसले की वाईटांना जागा राहत नाही, असं तिनंच या ओसरीवर बसून समजावलं होतं. बाळाच्या लंगोटातली शी डबीत भरून, बर्फाच्या पेटीतून ती तपासायला न्यायची, तेव्हा दगडाबाई हसायची. "ने बाई, सोनं हाय आमच्या राजाचं. तोलून घी."

आज राजेश्री ओसरीच्या कडेलाच बसली.

"मावशी, अभ्यास संपला. रिकामी पाकिटं तेवढी परत न्यायची आहेत. तेव्हा मागायला तोंड झालं नाही मला."

दगडाबाई सुपातली तूर निवडत राहिली. आतून तिची सून मंजुषा आली. तिच्या हातात एक धुतलेलं लंगोट होतं, चार पदरी घडी घातलेलं. तिनं घडी उलगडली आणि पाकिटं एकेक करून वाकळेवर मांडली. प्रत्येकाचा कोपरा कात्रीनं नीट कापलेला.

"सहाच आहेत," राजेश्री म्हणाली. "माझ्या कागदावर सात पुड्या लिहिल्यात."

"सातच पाजल्या की. पाचवीच्या दिवशीची आत्याबाईंनी पाजली. मी वाटीत दूध पिळून दिलं होतं. पाकीट कुठं पडलं असंल हिकडं-तिकडं."

दगडाबाईचा हात सुपात थांबला.

"पडलं न्हाई," ती म्हणाली. "फोडलंच नव्हतं."

दोघी तिच्याकडं बघत राहिल्या.

"सटवाईम्होरं ठेवलं म्या. लिंबू ठेवलं, कोरी वही ठेवली, पेन ठेवला, तशी पुडी बी ठेवली. म्हनलं, लेकराचं नशीब लिहायला येणार हाय, तर तिला बी दावावं, आमच्या घरात जितं औषध आलंय म्हणून. लिहिताना हात सैल सोडंल." तिनं तुरीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "तिच्या म्होरलं परत कसं घ्यायचं? सकाळी पूजेसंगं पाण्यात सोडलं."

मंजुषा खाली बसली. मग बोलली ती हळूच, शेजारणीला कानात सांगावं तशी.

"ताप आला तवा डॉक्टर म्हनले, वाईट जंतू रक्तात गेलेत. आन् ह्या म्याडम म्हनल्या होत्या, चांगले आधी बसले की वाईटांना जागा न्हाई. एक दिस जागा रिकामी ठेवली तुमी, आत्याबाई."

"व्हय," दगडाबाई म्हणाली. सहा महिने ती स्वतःला हेच सांगत आली असावी, इतक्या लवकर म्हणाली.

"एका पुडीनं तसं काही होत नाही, मावशी," राजेश्री म्हणाली.

"मग सात कशाला दिल्या?" मंजुषानं विचारलं.

राजेश्रीनं पाकिटं गोळा केली. सहाही पाकिटांवर एकच आकडा होता, या घराचा. अभ्यासात निम्म्या घरांना जंतूंची पुडी गेली होती, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी. कुणाकडं कोणती, हे तिलाही कळू दिलं नव्हतं. कागदावर तसं लिहिलं होतं. ती वाचून दाखवत होती तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या होत्या आणि मंजुषाच्या नवऱ्यानं सही केली होती. लक्षात एवढंच राहिलं, की पुडीनं लेकरू धडधाकट होतं. कोणत्या आकड्याला कोणती पुडी, ती यादी सोमवारी आली. घरोघर पत्रं जातील, तुम्ही कुठं काही बोलू नका, असं साहेबांनी बजावलं होतं. तरी या घराचा आकडा तिनं सगळ्यात आधी शोधला होता.

पाकिटं पिशवीत टाकून ती उठली. पायरी उतरली. स्कूटीला किल्ली लावली आणि मागं वळून बघितलं.

मंजुषा लंगोटाची पुन्हा चार पदरी घडी घालत होती. दगडाबाईचा हात सुपात नुसताच फिरत होता. खडेही निघत नव्हते, तूरही निवडली जात नव्हती.

राजेश्री परत आली.

"मावशी, तुम्ही सटवाईला ठेवली ना, ती साधी पूड होती. साखरेसारखी. तिच्यात जंतू नव्हते."

दगडाबाईनं मान वर केली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला तो मंजुषाचा.

"आन् ह्या सहात?"

राजेश्रीनं पिशवी छातीशी धरली.

"त्यातही नव्हते."