सांजेचा पाठ

"आई, ते मागचं वाक्य पुन्ना वाच," फोनमधून सुयोग म्हणाला.

सरुबाईंनी चष्मा सावरला. पेरूच्या बागेत, पाटाच्या कडेला त्या बसल्या होत्या. उतरतं ऊन पानापानांत मुरलं होतं. मांडीवर बी.ए.चं इतिहासाचं पुस्तक होतं. त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं, या खेपेला सावकाश.

"आता समजलं?"

"मला समजलं. तुला समजलं का?"

"मला कशाला समजायला पायजे? परीक्षा तुझी हाय."

तिकडून तो हसला. त्या हसण्यासाठी सरुबाई दिवसभर सांजेची वाट बघायच्या.

सुयोग सैन्यात होता, पार तिकडं बर्फाळ सरहद्दीवर. जमिनीत पेरलेले सुरुंग शोधायचे आणि निकामी करायचे, हे त्याचं काम. मागं एकदा सुट्टीवर आल्यावर त्यानं बागेतल्या मातीतच करून दाखवलं होतं. सळई तिरकी धरायची, हळूहळू माती टोचत पुढं सरकायचं. "माती बोटांनी वाचायची, आई. घाई केली की संपलं." 

तेव्हाच त्यानं सांगितलं होतं, की हे जन्मभर करायचं नाही. बी.ए. व्हायचं, मग बी.एड., आणि मग इथंच कुठंतरी पोरांना इतिहास शिकवायचा. बारामतीच्या कॉलेजात त्यानं बाहेरून नाव घातलं. पहिलं वर्ष ड्युटीतून वेळ चोरून एकट्यानं काढलं. झोपेनं डोळे मिटायला लागले की उभं राहून वाचायचा म्हणे.

दुसऱ्या वर्षी मध्येच त्याचे फोन थांबले. सरुबाईंनी देव पाण्यात घातले. नेमके त्याच दिवसांत सुयोगचे वडील झुंबरराव पेरू घेऊन पुण्याच्या मार्केटला गेले आणि तिकडंच रेंगाळले.

"पोराचा पत्ता न्हाय आन् तुमाला पेरू सुचत्यात?" ते परतल्यावर त्या कडाडल्या.

झुंबररावांनी पायावर पाणी घेतलं. बराच वेळ घेत राहिले. "यील फोन," एवढंच म्हणाले. "रेंज नसंल तितं."

आणि खरंच, दोन दिवसांनी फोन आला. आवाज खोल गेलेला.

"आई, माझी पुस्तकं घरीच हायत न्हवं? आता हितं वाचायचं जमत न्हाय. तू वाचून दाखवशील?"

"म्या? नववीत शाळा सोडल्याली बाई म्या."

"मला तुझंच वाचलेलं पायजे."

तेव्हापासून हा पाठ सुरू झाला. आधी त्या अडखळायच्या. जोडाक्षरं दाताखाली खड्यासारखी यायची. मग जीभ वळली. बावडा गावातल्या त्या बागेत रोज सांजेला राजे यायचे, तह व्हायचे, फौजा नदी उतरून जायच्या. पाटाचं पाणी संथ वाहायचं, बगळे झाडावर परतायचे, आणि सरुबाईंना वाटायचं, आपला आवाजही असाच उडत जातोय. शेतांवरून, डोंगरांवरून, पार बर्फापर्यंत. तिथं आपलं लेकरू घोंगडीत पडून ऐकतंय. ऐकतंय तोवर ते सुरुंगापासून लांब आहे. म्हणून कधीकधी त्या मुद्दाम एक पान जास्त वाचायच्या.

"तिकडं काय दिसतं रं?" एकदा त्यांनी विचारलं.

"हितं सगळं एकसारखंच." तो म्हणाला. "तूच सांग, तिकडं काय चाललंय."

मग त्यांनी सांगितलं. वाटेनं उसाच्या ट्रॉल्या चालल्यात, धुरळा सोन्यासारखा झालाय, पेरूला नवी फूट आलीय. तो "आणखी सांग" म्हणत राहिला. झुंबरराव तेवढ्यात उठून विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीकडं गेले. पाठ चालू असला की त्यांना मोटारीचं काहीतरी आठवायचंच.

सुट्टी मात्र मिळत नव्हती. "हे काम येणारी माणसं थोडी, आई," तो म्हणायचा. परीक्षेची सोय साहेबांनी करून दिली होती म्हणे. सरुबाईंनी जास्त खोदलं नाही. सैन्यातल्या गोष्टी, आपल्याला काय कळणार.

मग एका सांजेला फोन आला तो पाठासाठी नव्हता.

"आई, पास झालो. फर्स्ट क्लास. आन् बारामतीत बी.एड.ला नंबर लागला."

"आन् नोकरी?"

"सैन्य सुटलं. आता कायमचा घरी येतोय."

सरुबाईंना रडू आवरेना. सुरुंगाच्या तोंडातून लेकरू परत मिळालं होतं. त्यांनी गावभर पेढे वाटले.

"मी पुण्याला जातो, त्याला घिऊन येतो," झुंबरराव म्हणाले.

"एवढ्या लांब कशाला? वाट चुकणार हाय का त्यो?" सरुबाई हसल्या. झुंबरराव हसले नाहीत. पहाटेच निघाले.

ऊन कलताना जीप बागेपाशी थांबली. सरुबाई आरतीचं ताट घेऊन झाडाखाली उभ्या होत्या. आधी झुंबरराव उतरले, मग सुयोग. थोडा वाळला होता, पण चेहऱ्यावर हसू तेच. वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून तो उभा राहिला. सरुबाई ताट धरून त्याच्याकडं नुसत्या बघतच राहिल्या. 

सुयोगनं मान जराशी वाकडी केली.

"आई, काहीतरी बोल की," तो म्हणाला. "म्हंजी मला कळंल तू कुठं हाईस."