ज्याचं काम वर बघायचं

माणूस रक्तबंबाळ होऊन गाडीतून दवाखान्याला गेला त्याला तासही झाला नसेल, आणि ग्विनयाई तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता. नुसती सांगत नव्हता. दर खेपेला खांद्याला बंदूक लावून दाखवत होता. सेकेसाईला लेकाचं हे वागणं आवडलं नाही. बंदूकवाल्यानं कमी बोलावं, असं तिचा बाप म्हणायचा, आणि तिचा बाप या खोऱ्यातला जनावरांचा माग काढणारा, नावाजलेला मागकरी होता, कुणी ऐरागैरा नव्हे.

रानरेडा मोपानीच्या झाडाखाली आडवा पडला होता. काल संध्याकाळी शिकारीच्या कॅम्पवरच्या पाहुण्यानं त्याच्या पोटात गोळी घातली आणि जेवायला निघून गेला. जखमी रेडा रानात तसा सोडता येत नाही. त्याच रानात बायका लाकडाला जातात. म्हणून आज उजाडताच कॅम्पवर कामाला असलेले दोघं, ग्विनयाई आणि म्हातारा मागकरी मारूफू, मागावर निघाले. मारूफूनं खाली बघायचं, रक्त न् खूर. ग्विनयाईनं बंदूक धरून वर बघायचं, झाडी न् सावली. यात शिकवण्यासारखं काही नाही, शेरडं राखणाऱ्यालाही कळतं.

"मी म्हटलं, मारूफूकाका, पुढं दाट आहे, थांबा," ग्विनयाई सांगत होता. "ऐकतील तर शपथ! धावले पुढं. रेडा फिरून आपल्याच वाटेच्या कडेला दबा धरून बसलेला. शिंगावर घेतलं त्यांना. मग मी दोन गोळ्या घातल्या."

"म्हाताऱ्याला भारी घाई," मांस तोडणारा झूझे म्हणाला. "कॅम्पचा मुकादम सांगून गेलाय, जगला तरी कामावर घ्यायचा नाही. हुकूम मोडणारा नको." त्यानं कुऱ्हाड टेकवली. "आणि आजी, काळीज तुमचं बरं का! लेकानं रेडा लोळवला."

"काळीज चावायला दात लागतात, मेल्या. माझे आहेत का बघून ठेव."

लोक हसले. सेकेसाई मात्र चालत वीस पावलं मागं गेली, जिथून ते दोघं आले होते तिथं. तिला अक्षर येत नव्हतं. वाळू येत होती.

मारूफूच्या टायरच्या चपला. लेकाचे दातेरी बूट. लांबवर बूट चपलेच्या ठशावर पडत आलेले, म्हणजे तो मागून चाललेला. इथवर ठीक. मग एका वाळक्या पानावर रक्ताचा काळा थेंब, आणि तिथं बूट चपलेच्या पुढं. चपला जागच्या जागी उभ्या. बुटासमोर एक गुडघा टेकलेला, आणि गुडघ्याशेजारी बोटभर खोल, लांबट ठसा. बंदुकीचा दस्ता. चपलांच्या बाजूची वाळू सगळी उधळलेली. त्याच बाजूला सात पावलांवर, झुडपाच्या सावलीत, रेडा बसून दबलेलं गवत.

मारूफू कुठं धावला नव्हता. यालाच राहवलं नव्हतं. मागकऱ्याच्या आधी थेंब आपल्याला दिसला, हे दाखवायला हा बंदूक जमिनीवर टेकवून वाकला होता. ही हौस कुणी लावली? लहानपणी यानं एक शेरडू शोधून आणलं की साऱ्या वाडीला सांगत कोण सुटायचं?

सेकेसाईनं पाऊल उचललं, दस्त्याच्या ठशावर ठेवलं आणि टाच फिरवली. कुणाचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात मारूफूची बायको, नेत्साईची आई, झाडीतून आली. तिला गाडीत घेतलं नव्हतं. कमरेच्या कापडावर नवऱ्याचं रक्त वाळलं होतं. ती सेकेसाईपुढं गुडघ्यांवर बसली आणि तळवे पोकळ धरून हलकेच टाळ्या वाजवल्या, थोरांपुढं वाजवतात तशा.

"आजी, माफ करा आम्हाला. आमच्या माणसानं ऐकलं नाही. तुमच्या लेकाचा जीव गेला असता त्याच्यापायी."

"ऊठ."

"मुकादमाला एवढा एक शब्द सांगा, आजी. दुसरं काही येत नाही हो त्याला. जमिनीकडं बघण्यातच जन्म गेला."

"ऊठ म्हणते ना."

ग्विनयाई मागोमाग आला होता. त्यानं मोठ्या मनानं हात हलवला. "जाऊ द्या काकी. माझ्या मनात काही नाही."

सेकेसाईच्या कानशिलांना आग लागली. तिनं खाली बघितलं. वाळू सपाट झाली होती. मुकादमाला आणून दाखवावं असं आता काही उरलं नव्हतं. होतं ते तिच्या तोंडात.

तिनं नेत्साईच्या आईला दंडाला धरून उभं केलं. पार रेड्यापर्यंत जाईल अशा आवाजात बोलली.

"झूझे, कुऱ्हाड थांबव! सगळे ऐका. इथं बंदुकीचा दस्ता टेकलेला होता, याच्या गुडघ्याशेजारी. मी आत्ता पुसला, या पायानं. मुकादमापुढंही मी हेच बोलणार आहे."

"आई, अगं काय..."

"गप. तिघं होते इथं. मारूफूचं काम खाली बघायचं, ते त्यानं केलं. तो दवाखान्यात पडलाय. रेड्याचं काम दबा धरायचं, ते त्यानं केलं. त्याला लोक तोडतायत. तिसरा तू. तुझ्या अंगावर ओरखडासुद्धा नाही."