दाराजवळची जागा

तळं गोठायच्या आत गावातल्या सगळ्या बोटी माझ्या गोदामात येतात. शेवटी आत गेलेली बोट वसंतात सगळ्यात आधी बाहेर निघते, म्हणून दाराजवळच्या जागेवरून दरवर्षी भांडणं ठरलेली. हेल्वीकाकू मात्र कधी भांडल्या नाहीत. नवरा गेल्यापासून त्यांची बोट पार मागच्या भिंतीला असायची.

यंदा बोटीच्या तळाचं शेवाळ खरवडता खरवडता त्या म्हणाल्या, “अर्तो, मला दाराजवळची जागा दे. बर्फ फुटला की त्याच दिवशी बेटावरच्या माझ्या झोपडीत जायचंय.”

“ती सकाळीच ताइस्तोकाकांनी धरली, काकू. त्यांनाही त्याच दिवशी बेटावर जायचंय म्हणे. आता बेटावर त्यांचं काय आहे, देव जाणे.”

काकूंच्या हातातली खरवडणी खाली पडली.

“असं म्हणाला? स्वतःच्या तोंडानं?”

“हो. का?”

“अरे, आठ दिवस झाले, ‘बेटावर माझ्यासोबत राहायला येतोस का’ म्हणून मी त्याला विचारून. तीन कप कॉफी प्यायला आणि एक शब्द न बोलता उठून गेला मेला.” काकू लाजून हसल्या. “माझी बोट ढकल पार मागे. आम्हाला एक पुरे.”