दुसऱ्या चिमणीची जनसुनावणी

वीज केंद्राची दुसरी चिमणी उभारण्याआधी गावाचं म्हणणं ऐकायला साहेब शाळेत आले. पहिल्या चिमणीच्या राखेनं आमच्या शिलाईवाल्या मावशीचा घसा कायमचा बसलाय, म्हणून तिनं माईक हातात घेतला आणि नेमकी वीज गेली.

"चिमणी आमच्या उशाला आणि दिवे तुमच्या शहरात!" मावशी जिवाच्या आकांतानं ओरडली, पण तो आवाज शेजारच्या माझ्या खुर्चीपलीकडे गेला नाही. "आधी माझा घसा परत द्या, मग बांधा दुसरी!"

"मोठ्यानं बोला हो बाई," साहेब घड्याळ बघत म्हणाले. मावशीला खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी फाइल मिटली.

आठवड्यानं अहवाल आला:

"जनसुनावणी शांततेत पार पडली. एकही हरकत ऐकू आली नाही."