न घेतलेला फोन

दुपारी शालन रियाजाला बसली, की बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून नवऱ्याचा, नागराजचा, फोन ठरलेला. गॅस बुक केलास का, टाकीत पाणी आलं का. तिचा तानपुरा मोबाइलमधलाच. फोन आला की तो गप्प व्हायचा आणि भलत्याच सुरातली रिंगटोन केकाटायला लागायची.

एके दिवशी तिचं डोकं फिरलं. तिने फोनही घेतला नाही आणि सा देखील सोडला नाही. रिंग थांबून तानपुरा परत सुरू झाला, तेव्हा तिचा सूर चांगलाच घसरला होता. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच केलं. मग रोजच.

"स्वल्प थांबून फोन घेतलास तर काय बिघडतं गं?" नागराज घरी येऊन आपल्या कानडी वळणाच्या मराठीत कुरकुरायचा. "या वयात कुठं मैफिली गाजवायच्यात?"

काही महिन्यांनी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिने डोळे मिटून सा लावला आणि पहिल्या रांगेत नागराजचाच फोन मोठ्याने वाजला. घाईघाईत त्याला तो बंद करता येईना. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. पेटीवाल्याचा हात अडखळला. शालनचा सा मात्र जागचा हलला नाही.

परतताना रिक्षात नागराज मान खाली घालून म्हणाला, "चुकलंच माझं. आता दुपारचा फोनसुद्धा नाही करत."

"करायचा," शालन म्हणाली. "रोज करायचा. मी घेणार नाही."