उकळलेले दगड

"घाण आणलीत का?" दार उघडताच मेट्रनने विचारलं.

"भरपूर," शोभेच्या माशांचा दुकानदार म्हणाला आणि त्याने बादली उंबऱ्याच्या आत ठेवली. "स्पंजला महिनाभर हात लावला नव्हता. जणू तुमच्यासाठीच राखून ठेवला होता."

मेट्रन हसली नाही. तिला घरीदारी सगळे मेट्रन म्हणत ते उगाच नाही. ऑपरेशन थिएटरच्या निर्जंतुकीकरणात तिची एकतीस वर्षं गेली होती, आणि निवृत्तीनंतर घरातले चमचेही तिच्या धाकात असत. बादलीत गढूळ तपकिरी खारं पाणी होतं, त्यात दोन खडबडीत दगड आणि एक काळपट स्पंज. असलं पाणी तिने आजवर फक्त ओतून दिलं होतं.

बाहेरच्या खोलीत सून काचेच्या टाकीसमोर स्टुलावर बसली होती. तिला दवाखान्यातून घरी येऊन चार दिवस झाले होते. हातावर सलाइनच्या सुईचा डाग अजून पिवळट दिसत होता. ती तिकडे अकरा दिवस तापाने पडली होती, तेव्हा मेट्रन उशापासून हलली नव्हती. फक्त एका दुपारी मेट्रन घरी येऊन गेली. टाकीतले उचलता आले तेवढे दगड तिने बाहेर काढले, ब्रशने घासले, वीस मिनिटं उकळले आणि गार करून परत लावले. फिल्टरचा स्पंजही उकळला. पोर घरी येईल तेव्हा सगळं लख्ख दिसावं, एवढंच मनात होतं.

दिसत होतंच लख्ख. आणि त्या लख्ख पाण्यात, मधल्या जड दगडावरचं प्रवाळ मिटून बसलं होतं. नखाएवढ्या तुकड्यापासून सुनेने ते सहा वर्षांत बशीएवढं वाढवलं होतं. एरवी दिवसभर त्याची हिरवी बोटं पाण्यात डोलत. आता सगळी आत ओढलेली होती, आणि एका कडेला पांढरा सांगाडा उघडा पडू लागला होता.

सुनेने परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरली. "अजून हिरवंच आहे. पिवळं यायला हवं."

हिरवं म्हणजे विष, हे मेट्रन आता शिकली होती. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो फस्त करणारे जिवाणू दगडांच्या छिद्रांत आणि स्पंजमध्ये राहतात. आणि त्यांचा तिने वीस मिनिटांत निकाल लावला होता. सून त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती, नुसती रोज थोडं थोडं पाणी बदलत होती. मेट्रनला तेच सोसत नव्हतं.

"अगं, एकदा चीड तरी माझ्यावर," ती म्हणाली. "सहा वर्षांचं तुझं, आणि मी उकळून ठेवलं."

"आई, त्या नर्सला तुम्ही हात धुवायला तीनदा परत पाठवलंत. तापात होते तरी मला ऐकू येत होतं." सुनेने नळी खाली ठेवली. "मी घरी आले ती तुमच्या त्या खाक्यामुळेच. मग चिडू कशावर?"

मेट्रनने पदराने चष्मा पुसला, तो आधीच स्वच्छ होता.

दुकानदाराने बाह्या सरसावल्या आणि दगड एकेक करून टाकीत उतरवले. "मावशी, हे दगड कुठले माहितेय? तीन वर्षांपूर्वी माझ्याकडचा पंप बंद पडला आणि दुकानातलं सगळं गेलं. तेव्हा या ताईंनी याच टाकीतला एक दगड काढून दिला. त्याच्या शेजारी ठेवून ठेवून माझे बाकीचे जिवंत झाले. त्यातले हे दोन. माहेरी आलेत." मग त्याने स्पंज तिच्यापुढे धरला. "घ्या. आत पिळा."

"मी?"

"तुम्हीच. हाताला साबण नाही ना?"

होता. ती बेल वाजताच सवयीने हात धुऊन आली होती. नळाखाली तिने ते नुसत्या पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळले, कोपरापासून बोटांपर्यंत, आणि स्पंज टाकीत बुडवून पिळला. तपकिरी ढग पसरला. मासे दिसेनासे झाले, मग प्रवाळही.

"एकतीस वर्षं मी यांच्या जिवावर उठले होते," ती पुटपुटली.

"यांच्या नाही हो," सून म्हणाली. "यांच्या भाऊबंदांच्या."

आता मात्र मेट्रनला हसू आलं.

दहाव्या दिवशी दुकानदार बादली न्यायला आला तेव्हा परीक्षानळी पिवळी होती. प्रवाळाची पांढरी कड पांढरीच राहिली होती. पण तिच्या आतल्या बाजूने हिरवी बोटं बाहेर आली होती, आखूड, जरा बिचकलेली. सून त्याला ती एकेक करून दाखवत होती. त्याने गुडघ्यावर बसून, नाक काचेला टेकवून, सगळी पाहिली.

मेट्रन मोरीतून बादली घेऊन आली आणि दोन्ही हातांनी तिने ती पुढे केली. तळाशी तो तपकिरी थर होता तसाच होता. वर तिने पांढरा स्वच्छ कपडा घातला होता, थिएटरातल्या ट्रेवर घालायची तसा, चारही कोपरे नीट दुमडून.